क्लाऊनफिश पाळायचा तर आधी पाणी पाळा

केशरी-पांढरा ऑसेलॅरिस क्लाऊनफिश समुद्री माशांमध्ये बराच सोशिक. तरी पहिल्या महिन्यातच तो मरतो, कारण टाकी आणि मासा एकाच दिवशी घरी येतात.

जोडीसाठी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी पुरते. हिशोबाने ती ८८ लिटरची, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी मावतं ७० लिटरच्या आसपास. भरलेली टाकी शंभर किलोच्या वर जाते, तेव्हा खालचं टेबल स्पिरिट लेव्हल लावून तपासा. दगड सिरॅमिकचे किंवा कोरडे घ्या. समुद्रातून काढलेल्या जिवंत खडकाच्या फंदात पडू नका, त्यावर दगडी प्रवाळ असला तर प्रकरण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीपर्यंत जातं.

किनाऱ्यावरचं पाणी नको. शहराजवळ त्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी ते चक्क पातळ होतं. पिण्याच्या आरओचं पाणी चालेल असं वाटतं, पण चवीसाठी त्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मुद्दाम ठेवलेला असतो. टीडीएस मीटरवर शून्याच्या जवळचं पाणी हवं. त्यात लिटरला साधारण ३७ ग्रॅम मत्स्यालयासाठीचं सागरी मीठ, म्हणजे ७० लिटरला अडीच किलोहून थोडं जास्त. स्वयंपाकाचं मीठ मुळीच नाही. मीठ नेहमी पाण्यात घाला. मिठावर पाणी ओतलं की क्षारांचा पांढरा गाळ बसतो आणि तो परत विरघळत नाही. बादलीत पंप लावून रात्रभर फिरू द्या, मग रिफ्रॅक्टोमीटरच्या (क्षारता मोजायच्या दुर्बिणीसारख्या उपकरणाच्या) काचेवर एक थेंब ठेवा, झाकण लावा, बुडबुडा राहिला तर पुसून पुन्हा, आणि उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची सीमा वाचा. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०२५ हवं.

आता थांबायचं. फिल्टर आणि पंप चालू, दिवा बंद, आणि मटारएवढा कच्च्या कोलंबीचा तुकडा टाकीत. तो कुजून अमोनिया तयार होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. याला चार ते सहा आठवडे लागतात. वास येतो, तपकिरी शेवाळ चढतं, घरचे कुरकुरतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावर तुकडा काढा, एक चतुर्थांश पाणी बदला, मग मासे.

जोडी घेताना दोन्ही लहान, पण एक दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असे घ्या. हे मासे जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा मादी होतो. लहान तिच्यासमोर आडवा होऊन थरथरतो, ती शरणागती आहे, आजार नव्हे. दोन मोठे एकत्र सोडले तर मात्र पंख फाटेपर्यंत मारामारी होते. दुकानदाराला विचारून पैदास केंद्रातलेच मासे घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या प्रजननाचं तंत्र बसवलेलं आहे, आणि असे मासे पहिल्या दिवसापासून गोळीचं खाद्य खातात. नवे मासे आधी चार आठवडे वेगळ्या टाकीत. मिठाच्या दाण्यासारखे ठिपके किंवा अंगावर पांढरट शेंबूड आणि जोरजोरात श्वास दिसला, तर उपचार तिथेच करा. तांब्याचं औषध मुख्य टाकीत गेलं की कोळंबी-गोगलगायी मरतातच, शिवाय तांबं दगडांत मुरून राहतं.

पाण्याचं रोजचं काम एकच, पण तेच सगळ्यात जास्त चुकतं. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. ७० लिटरमधून दोन लिटर उडाले की १.०२५ चं जवळपास १.०२६ होतं. काचेवर पेनाने खूण करा आणि रोज तिथपर्यंत फक्त बिनमिठाचं पाणी घाला. खाऱ्या पाण्याने भरपाई केली तर क्षारता चढतच जाते. दर आठवड्याला सात लिटर पाणी बदला, हे मात्र खारंच. नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली ठेवा. खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

तापमान २५ ते २७ अंश. मे महिन्यात काचेचं झाकण काढून जाळी लावा (हे मासे उड्या मारतात) आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी यानेच दोन-तीन अंश उतरतं, पण उडतंही तितक्याच वेगाने. मुंबईच्या दमट हवेत पंखा फारसं काही करत नाही, तिथे खोलीचा एसी किंवा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतो.

अ‍ॅनिमोन, म्हणजे क्लाऊनफिश ज्याच्या आसऱ्याने राहतो तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, नसला तरी क्लाऊनफिश मजेत जगतो. टाकी निदान सहा महिने जुनी होईपर्यंत अ‍ॅनिमोन आणूच नका. तो जागा बदलत सरकतो, आणि पंपाच्या तोंडात ओढला गेला तर रात्रीत पाणी नासतं. पंपाला स्पंज लावून ठेवा, आणि वीज गेल्यावर लगेच हाताशी यावा म्हणून बॅटरीवरचा एअर पंप टाकीच्या खालच्या कप्प्यातच.