बेळगाव सीमाभागात ग्रामपंचायत-पालिकेचे कागद माहिती अधिकारात कसे मागावेत

महाराष्ट्रातला माहिती अधिकाराचा अर्ज बेळगाव, खानापूर, निपाणीत जसाच्या तसा चालत नाही. कायदा एकच, २००५चा. पण फीचे आणि नमुन्याचे नियम प्रत्येक राज्याचे आपापले. आपल्याकडे मोबाईलवर फिरणारे मराठी व्हिडिओ बहुतेक महाराष्ट्रातले असतात. ते बघून लोक अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावतात आणि फी भरली नाही म्हणून अर्ज अडतो. कर्नाटकातही फी दहाच रुपये आहे, पण ती पोस्टल ऑर्डर, डीडी, बँकर्स चेक, रोख किंवा सरकारी तिजोरीत भरणा अशीच द्यावी लागते. रोख दिली तर पावती घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. पोस्टल ऑर्डर असेल तर तिचा नंबर अर्जात लिहा आणि झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. बीपीएल रेशन कार्ड असलेल्याला फी नाही. कार्डाची झेरॉक्स जोडायची.

भाषेचा प्रश्न इथे सगळ्यांनाच पडतो. कायद्याच्या कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये, करता येतो. मराठीला या कलमाचा आधार मिळत नाही. मराठीतून कारभार मिळावा ही मागणी रास्त आहे, पण तिची लढाई वेगळी. या अर्जात ती घातली तर कागद मात्र लांबतो. कन्नड लिहिता येत नसेल तर सरळ हिंदीत लिहा. लिपी आपलीच, आणि हिंदी अर्ज भाषेच्या कारणावरून नाकारता येत नाही. ज्याला लिहिताच येत नाही त्याने तोंडी सांगितलेली मागणी लिहून काढायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, तेही याच कलमात आहे. उत्तर आणि कागद मात्र ज्या भाषेत दप्तरात आहेत त्याच भाषेत मिळतात. भाषांतर करून देण्याचं बंधन कार्यालयावर नाही.

कर्नाटकाच्या नियमांत आणखी एक अट आहे, तिच्यावर बरेच अर्ज अडकतात: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. गटार, पाणीपट्टी आणि घराचा उतारा एकाच कागदावर मागू नका. तीन विषय असतील तर तीन अर्ज आणि तीनदा दहा रुपये.

आता खरं काम, म्हणजे काय मागायचं. "गटाराचं काम निकृष्ट का झालं?" असं विचारलं तर उत्तर येतं की अशी माहिती उपलब्ध नाही, आणि ते उत्तर कायद्याला धरूनच असतं. अधिकाऱ्याने कारण किंवा मत द्यायचं नसतं, दप्तरात असलेला कागद द्यायचा असतो. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा. वॉर्डातल्या सिमेंट गटारासाठी मागणी अशी असावी: "१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात वॉर्ड क्र. ३ मध्ये झालेल्या गटार कामाचं एस्टिमेट, वर्क ऑर्डर, एमबीची (कामाच्या मोजमाप पुस्तकाची) संबंधित पानं, बिल आणि व्हाउचर यांच्या प्रमाणित प्रती." यातला एकही कागद गाळू नका. एस्टिमेटमध्ये काय ठरलं, एमबीत काय मोजलं आणि बिलात कशाचे पैसे गेले, हे तिन्ही शेजारी ठेवल्यावरच फरक दिसतो. नुसतं बिल हातात आलं तर त्यावरून लांबी, रुंदी, जाडी काहीच पडताळता येत नाही. एमबी मिळाली की टेप घेऊन जागेवर जा. काम पंचायतीच्या ठरावातून आलं असेल तर त्या सभेची नडावळीही (सभेचा इतिवृत्तांत) याच विषयात मागता येते.

कन्नड अर्ज कोणाकडून लिहून घेत असाल तर हे शब्द त्यात आहेत का ते बघा: एस्टिमेटला अंदाजु पट्टी, वर्क ऑर्डरला कार्यादेश, एमबीला अळते पुस्तक, प्रमाणित प्रतीला दृढीकृत प्रती. "संपूर्ण माहिती द्यावी" एवढंच लिहिलेलं असेल तर अर्ज पुन्हा लिहून घ्या.

कागद नेमके कुठले हे माहीत नसेल तर आधी फाईल पाहण्याची मागणी करा. कायद्यात तपासणीचा हक्क आहे, टिपणं काढण्याचा आहे, आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागण्याचाही आहे. बांधकामाच्या प्रकरणात हा शेवटचा हक्क फार मोलाचा, पण तो वापरणारे थोडे.

लोकांची नावं, पत्ते, खाते क्रमांक मागितले की वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो. त्यापेक्षा योजनेचे ठराव, खर्चाचे हिशेब, कामाच्या फाईली मागा.

ग्रामपंचायतीत अर्ज पीडीओच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याच्या, नावे द्यायचा. महानगरपालिकेत आणि नगरपालिकेत विभागवार वेगळे माहिती अधिकारी असू शकतात. त्यांची नावं कार्यालयात लावलेली असली पाहिजेत. चुकीच्या टेबलावर गेलात तरी अर्ज मागे घेऊ नका. कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची गरज नाही. कोणी विचारलं तर कलम ६(२) दाखवा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच देत नसतील तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपा. पुढचं सगळं या एका तारखेवर चालतं.

अर्ज पोचल्यापासून ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आधी पानांचे पैसे भरण्याचं पत्र येऊ शकतं. ए-फोर पानाला दोन रुपये. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या तीसमध्ये धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. मुदत उलटल्यावर पैशांचं पत्र आलं तर कलम ७(६) चा उल्लेख करून माहिती फुकट मागा.

जमिनीच्या जुन्या कागदांचं आधीच ध्यानात ठेवा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्याआधीचं बरंच दप्तर मराठीत आणि काही मोडीत आहे. सर्व्हे नंबर, गाव आणि अंदाजे साल द्या. मोडी प्रत मिळाली तर वाचणारा जाणकार तुम्हालाच शोधावा लागेल.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्या दिवसापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, कन्नडमध्ये मेल्मनवी. ग्रामपंचायतीचं अपील तालुका पंचायतीच्या ईओंकडे, म्हणजे कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, जातं. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांत कर्नाटक माहिती आयोगाकडे दुसरं अपील; आयोगाचं एक पीठ बेळगावातही आहे. अपिलाला मूळ अर्ज, पोच, फीची पावती आणि आलेलं प्रत्येक पत्र तारखेच्या क्रमाने जोडा. विनाकारण उशीर केलेल्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. हा दंड अर्जदाराला मिळत नाही. म्हणून अपिलात दंडाबरोबर "माहिती विनाशुल्क द्यावी" ही मागणी वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर दंडावरच चर्चा होते आणि एमबीची पानं तिथेच राहतात.