एका कार्डाची तीन कार्डे केली तेव्हा

रत्नागिरीत राहून जपानी शिकताना ‘अंकी’ या फ्लॅशकार्डांच्या प्रणालीत मी प्रत्येक शब्दाचे एकच कार्ड केले होते : पुढे कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरे), मागे उच्चार आणि अर्थ. वाचन सुधारले, मात्र ‘ओबासान’ म्हणजे मावशी आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी, हा एका दीर्घ स्वराचा फरक कानाला कळेना. डोळ्यांचा सराव कानाला उपयोगी पडत नव्हता. म्हणून ऐकण्याच्या वेगळ्या कार्डावर पुढे केवळ आवाज ठेवला. मांडवीच्या किनाऱ्यावर वाऱ्यात दीर्घ स्वर निसटतो, त्यामुळे ही कार्डे मी पहाटे घरीच ऐकतो.

वाक्यरचनेच्या कार्डावर पुढे मराठी वाक्य असते आणि जपानी वाक्य मोठ्याने म्हटल्याशिवाय मी ते उलटत नाही. क्रियापद दोन्ही भाषांत शेवटी येत असल्याने हे सोपे वाटले होते. पण ‘मी रत्नागिरीत आहे’ आणि ‘मी रत्नागिरीत काम करतो’ या दोन्हींत आपला प्रत्यय एकच, तर जपानीत असण्याला ‘नि’ आणि काम करण्याला ‘दे’ लागतो. माझ्या बहुतेक चुका इथेच होत्या. अशा वाक्यांची जोडकार्डे केल्यापासून त्या बऱ्याच कमी झाल्या आहेत.