पावसाळ्यात विहिरीचं पाणी निर्जंतुक कसं करावं (आणि मातीला चिकटलेले विषाणू सुटतात कसे)

कावीळ पसरवणारा हेपॅटायटिस ए विषाणू जेमतेम 27 नॅनोमीटरचा. पाणी गाळायच्या फडक्यात तो अडकत नाही. माती त्याला अडवते ती मुख्यतः विद्युतभाराच्या जोरावर. शोषखड्ड्यातून झिरपणाऱ्या पाण्यात पोटाच्या बहुतेक विषाणूंवर ऋणभार असतो; गोव्यातल्या जांभ्याला तांबडा रंग देणाऱ्या लोहाच्या ऑक्साइडांवर साधारणपणे धनभार. म्हणून ते तिथे चिकटतात. वाळू मात्र ऋणभारित. तिथे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मधे राहून दोघांना जोडतं. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य, त्यामुळे ते मुरलं की हा दुवा सैल होतो. चिकटलेला विषाणू मेलेला असतोच असं नाही. सुटला की विहिरीच्या वाटेला लागतो. शिवाय जांभ्यातल्या पोकळ्यांतून पाणी इतकं झपाट्याने येतं की चिकटायला सवडच मिळत नाही. म्हणून जोराच्या पावसानंतर विहिरीत औषध, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायलाच हवं.

आधी गाळ बसू द्या. गढूळपणा पावडरीतला क्लोरीन खाऊन टाकतो आणि मातीच्या कणांना चिकटलेले विषाणू त्यातून वाचतात.

मग पाणी मोजा. दोरीला दगड बांधून खोली घ्या. व्यास × व्यास × पाण्याची खोली (मीटरमध्ये) × 785 म्हणजे लिटर. दोन मीटर व्यास, तीन मीटर पाणी: 9,420 लिटर. दर हजार लिटरला 2.5 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे इथे सुमारे 24 ग्रॅम. पावसाळी दमटपणात उघडी राहिलेली पावडर वापरू नका. तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घालून पावडरीची पेस्ट करा, बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी पांढरा चुना बसेल. तो विहिरीत जाऊ देऊ नका, पाणी जड होतं. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती दोरीने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, आडवी हलवत राहा. नुसतं वरून ओतलं तर तळापर्यंत नीट मिसळत नाही.

निदान एक तास पाणी काढू नका. रात्री टाकून सकाळी काढणं उत्तम. क्लोरोस्कोपमध्ये (पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून मोजायचं साधन) लिटरला 0.5 मिलिग्रॅमचा पिवळा रंग जुळला पाहिजे. कमी भरला तर पुन्हा थोडी मात्रा, पुन्हा एक तास. वाड्यावर कावीळ असेल तर एवढं करूनही पाणी खळखळून उकळूनच प्या.