एकाच आजाराचा एक्सेस दोनदा कापला, परत कसा मिळवला

आमची राणी, ९ वर्षांची लॅब्राडोर कुत्री, गर्भाशयात पू झाला म्हणून रातोरात ऑपरेशन करावं लागलं, मग टाके-ड्रेसिंगचं बिल वेगळं आलं आणि विमा कंपनीने दोन्ही बिलांतून एक्सेस (म्हणजे क्लेममधला आपण स्वतः भरायचा हिस्सा) कापला! पॉलिसी काढून वाचली तर स्पष्ट लिहिलंय, प्रत्येक आजाराला एकदाच. मग डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी घेतल्या की दुसरं बिल त्याच आजाराचं आहे, खाली सही-शिक्का, आणि थेट कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, कॉल सेंटरला फोन करत बसू नका खरंच, सगळं लेखी ठेवा. १२व्या दिवशी पैसे जमा. नाहीतर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जाणारच होते, फी लागत नाही, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी आणि उत्तर नाही आलं तर महिनाभर थांबावं लागतं. राणी आता दोन जिने स्वतः चढते.