गल्फला कामाला निघण्याआधी मोबाईलवर हे सगळं तपासून घ्या

माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, रायगड जिल्ह्यात. आमच्याकडं जवळपास प्रत्येक वाडीतनं, मोहल्ल्यातनं कोणी ना कोणी दुबई, सौदी, कतारला असतंच. गेल्या वर्षी एक पोरगा व्हिसाची प्रिंट काढायला आला, नव्वद हजार देऊन बसलेला, आणि कागदावर बघतो तर व्हिजिट व्हिसा. कामाचा नाहीच. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि एजंट म्हणाला होता "तिकडे गेल्यावर बदलून देतो". तेव्हापासून जो कोणी येतो त्याला मी आधी बसवून हे सगळं दाखवतो, म्हणून इथेही लिहितोय.

सगळ्यात आधी पासपोर्ट बघा. त्यावर ईसीआर (ECR, म्हणजे जायच्या आधी सरकारी तपासणी लागणार) असं छापलंय का? दहावी पास नसाल तर बहुतेक असतं. असा पासपोर्ट असेल आणि सौदी, यूएई, कतार, ओमान, कुवेत, बहारीन, मलेशिया वगैरे ठरलेल्या देशांत कामाला जायचं असेल तर सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स (बाहेर कामाला जायची परवानगी) लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून होते. हा त्रास वाटतो लोकांना पण खरं तर ती तुमचीच ढाल आहे, कारण त्यात कंपनी, पगार, काँट्रॅक्ट सगळं रेकॉर्डवर येतं. दहावी झालेल्यांना क्लिअरन्स लागत नाही (नर्सिंगचं वेगळं आहे, तिथे दहावी-बारावी झालेल्यांनाही लागते), पण खालची तपासणी त्यांनीही करायचीच.

आता एजंट. पैसे द्यायच्या आधी, एक रुपया द्यायच्या आधी. ई-मायग्रेट पोर्टल (emigrate.gov.in) उघडा, अॅपही आहे, त्यात रिक्रूटिंग एजंटची यादी आहे. एजन्सीचं नाव किंवा लायसन नंबर टाकला की लायसन चालू आहे, संपलंय की सस्पेंड आहे ते दिसतं, आणि बेकायदा एजंटांची वेगळी यादीही आहे तीही बघा. गंमत म्हणजे बरेच जण दुसऱ्याच एजन्सीचा खरा लायसन नंबर व्हॉट्सअॅपच्या जाहिरातीत छापतात, म्हणून नुसता नंबर जुळला म्हणून खूश होऊ नका, पोर्टलवर दिलेल्या पत्त्यावर किंवा फोनवर स्वतः विचारा की हा माणूस तुमचा आहे का. गावातला "आपला ओळखीचा" जो मधे पैसे घेतो त्याच्याकडे स्वतःचं लायसन नसतं, आणि लायसनवाल्याने असा सबएजंट ठेवायला परवानगी नाही. नातेवाईक असला तरी हाच नियम लावा, मला माहितेय ते अवघड जातं.

फी किती? कायद्याने जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400. पावती घ्या. कॅश देऊ नका, बँकेतून किंवा यूपीआयने एजन्सीच्या खात्यावर द्या, कोणाच्या तरी पर्सनल नंबरवर नाही. लाख-दीड लाख मागणारा माणूस लायसनवाला असला तरी उठून या तिथून.

मग ऑफर लेटर आणि काँट्रॅक्ट. कंपनीचं नाव, कामाचा प्रकार, बेसिक पगार, राहणं-जेवण कोणाकडे, किती तास, हे लिहिलेलं पाहिजे. यूएईसाठी कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर असतं, ते अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळू शकतं, ते मागून घ्या, सही करायच्या आधी कोणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या. कतारला जाणाऱ्यांचं काम सोपं झालंय, मुंबईतल्या कतार व्हिसा सेंटरमधेच काँट्रॅक्ट दाखवून सही, मेडिकल आणि बोटांचे ठसे होतात. तिथे वाचलेला पगार आणि एजंटने सांगितलेला पगार वेगळा निघाला तर तिथेच थांबा.

व्हिसा हातात आला की "व्हिजिट" किंवा "टुरिस्ट" असा शब्द शोधा, गूगल लेन्सने फोटो काढून मराठीत भाषांतर केलं तरी कळतं. नंतर त्या देशाच्या सरकारी साईटवर पासपोर्ट नंबर टाकून व्हिसा खरा आहे का बघा, यूएईच्या साईटवर हे होतं. थायलंडमधे डेटा एन्ट्री, भरपूर पगार, टेलिग्रामवर मुलाखत असं कोणी सांगत असेल तर विशेष सावध व्हा. अशा कामाला गेलेल्या पोरांना सीमेपलीकडे म्यानमारला नेऊन फ्रॉडचे फोन करायला लावतात, मार्च 2025 मधे वायुदलाच्या विमानांनी तिथनं सुटलेल्या पाचशेच्या वर भारतीयांना परत आणलं.

क्लिअरन्स घेताना प्रवासी भारतीय बीमा योजना निघते, दोन वर्षांना 275 आणि तीन वर्षांना 375 रुपये हप्ता, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांचं कव्हर. पॉलिसीचा कागद घरी ठेवा, नाहीतर गरज पडेल तेव्हा घरच्यांना माहीतच नसतं की विमा होता.

निघायच्या आदल्या दिवशी पासपोर्ट, व्हिसा, काँट्रॅक्ट, पावत्या, विमा सगळ्याचे फोटो काढून स्वतःच्या ईमेलला आणि घरच्या दोन माणसांच्या व्हॉट्सअॅपला पाठवा. मेमरीकार्डवर भरवसा ठेवू नका. तिकडे पोचल्यावर पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतला तर, यूएई आणि कतारमधे ते कायद्यानेच चालत नाही, मग निदान कॉपी तरी हातात असेल. सौदीत गेलात तर किवा (Qiwa) आणि अबशेर (Absher) ही सौदी सरकारची अॅप लगेच चालू करा, काँट्रॅक्ट आणि इकामा (तिथं राहायचं परमिट) त्यात दिसतो, आणि पासवर्ड कंपनीच्या माणसाला देऊ नका.

पगार अडकला, मारहाण झाली, काहीही असलं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद (MADAD) पोर्टलवर तक्रार टाका, ती घरच्यांनाही इथनं टाकता येते आणि ट्रॅक करता येते. भारतात 1800 11 3090 हा टोल फ्री नंबर आहे, यूएईत 800 46342. हे दोन्ही कागदावर लिहून पाकिटात ठेवा, मोबाईलमधे नाही, कारण पहिल्यांदा मोबाईलच काढून घेतात.