समास सोडवताना या चुका टाळा: कांदेपोहे आणि चहापोहे एक नव्हेत

'कांदेपोहे'चा विग्रह, म्हणजे शब्द फोडून सांगितलेला अर्थ, 'कांदे आणि पोहे' असा लिहिलेला मी इतक्यांदा तपासला आहे, की आता समास, म्हणजे शब्द जोडून झालेला एक शब्द, शिकवायला घेतला की फळ्यावर पहिला शब्द तोच येतो. त्याच्या शेजारी मी 'चहापोहे' लिहितो. दुसरं पद तेच, पण नातं निराळं. कांदेपोहे म्हणजे कांदे घालून केलेले पोहे. मधलं 'घालून केलेले' गळालं, म्हणून हा मध्यमपदलोपी. चहा मात्र पोह्यांत कुणी घालत नाही. चहा, पोहे आणि पाहुण्यापुढे ठेवायचं आणखी काहीबाही, असा तो समाहार द्वंद्व: दोन्ही पदं महत्त्वाची, आणि त्यांच्यासारखं बाकीचंही त्यात आलं. तेव्हा नुसती पदं पाहून समास ठरवू नका, आधी ती वस्तू डोळ्यांसमोर आणा. पुरणपोळी, साखरभात, गुळांबा हे शब्द असे पाहिले की लगेच सुटतात.

दुसरी चूक 'वगैरे' विसरण्याची. 'मीठभाकर खाऊन जा' असा आग्रह करणारी बाई ताटात फक्त मीठ आणि भाकर वाढत नाही. 'मीठ, भाकर वगैरे' असा विग्रह केला नाही, तर समाहाराचा इतरेतर, म्हणजे फक्त त्या दोन पदांचा 'आणि'ने जोडलेला द्वंद्व, होऊन बसतो. शंका आली तर क्रियापद जोडून पाहा. 'रामलक्ष्मण निघाले' इथे अनेकवचन, म्हणजे दोघं वेगवेगळे मोजले. 'चहापाणी झालं', 'भाजीपाला आणला' इथे एकवचन, म्हणजे सगळा एकच गठ्ठा. पदंच अनेकवचनी असतील तर मात्र ही युक्ती चालत नाही: 'भांडीकुंडी घासली' म्हटलं तरी तो समाहारच.

बाजारहाट, धनदौलत, कागदपत्र यांत दोन वेगळ्या वस्तू शोधत बसू नका. बाजार फारसीतून आला, हाट आपल्याकडचा जुना, आणि अर्थ एकच. कागद आणि पत्र यांचंही तसंच. दोन भाषा शेजारी नांदल्याची ही खूण मला फार मोलाची वाटते. 'जेवणबिवण'चा विग्रह तर करूच नका. 'बिवण'ला स्वतंत्र अर्थ नाही, तो अभ्यस्त, म्हणजे तोच शब्द थोडा बदलून पुन्हा उच्चारल्याने झालेला शब्द आहे.

'पीतांबर' दिसला की बहुव्रीही, म्हणजे दोन्ही पदांहून वेगळ्याच कुणाचा बोध करणारा समास, लिहून मोकळं होणारेही पुष्कळ. सोवळ्यात पीतांबर नेसला असेल तर ते पिवळं वस्त्र, म्हणून विशेषण-विशेष्याचा कर्मधारय. विष्णू अभिप्रेत असेल तरच बहुव्रीही. सुटा शब्द विचारला तर दिलेला विग्रह बघा, वाक्य दिलं असेल तर वाक्य.

सर्वात जास्त घोळ वैकल्पिक द्वंद्वात होतो. संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं सूत्र 'चार्थे द्वन्द्वः', म्हणजे द्वंद्व 'आणि'च्या अर्थाने. त्यातून इतरेतर आणि समाहार निघतात. 'किंवा'चा वैकल्पिक हा मराठी व्याकरणातला तिसरा प्रकार. 'तीनचार दिवस' म्हणजे तीन किंवा चार, इथे अडचण नाही. 'पापपुण्य'लाही परीक्षेत 'पाप किंवा पुण्य' असंच लिहा, जरी पापपुण्याचा हिशोब म्हणताना आपण दोन्ही मोजत असलो तरी. आणि 'बरेवाईट'चा विग्रह 'बरे किंवा वाईट' हा बरोबरच आहे. पण दवाखान्याबाहेर बसलेली आई 'त्याचं काही बरंवाईट झालं तर?' असं विचारते, तेव्हा त्या शब्दात 'बरं' उरलेलं नसतं. 'मेला तर' हे तोंडातून काढवत नाही, म्हणून ते 'बरं' नुसतं आडोशाला पुढे येऊन उभं राहिलेलं असतं.