हुकलेलं संगीत नाटक कसं गाठायचं

प्रयोग हुकला म्हणून हळहळलं की लगेच सल्ला येतो, "अगं, गाणी यूट्यूबवर आहेत की, ऐक ना." त्या नाटकावर सिनेमा निघालेला असेल तर विचारायलाच नको. मला हा सल्ला पटत नाही. नाट्यपद कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि त्याच्या आधीचं वाक्य काय होतं, हे कळल्याशिवाय ते अर्धंच कळतं. आमच्या ठाण्याच्या नाटकवेड्या कंपूत नवीन आलेली पोरं मला हेच विचारतात, "ताई, नाटक गेलं, आता काय करायचं?" त्यांना जे तोंडी सांगते ते इथे सगळं लिहून काढते.

आधी बघा, खरंच हुकलंय का

गद्य नाटक बंद झालं की बहुधा बंदच होतं. संगीत नाटकाचं तसं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आलं आणि आजही कुठल्या ना कुठल्या गावात कुणीतरी त्याच्या तालमी करत असतं. तेव्हा 'सौभद्र', 'मानापमान', 'संशयकल्लोळ', 'कट्यार काळजात घुसली' यांपैकी काही हुकलं असेल तर थांबायची तयारी ठेवा आणि डोळे उघडे ठेवा.

शनिवार-रविवारच्या वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान मी अजून हातात घेऊन वाचते. बुकमायशो आणि तिकिटालय बघतेच, पण हौशी संस्थांचे प्रयोग पुष्कळदा तिथे दिसत नाहीत. ते नाट्यगृहाच्या दारावरच्या फळ्यावर दिसतात. राज्य शासनाची हौशी संगीत नाट्य स्पर्धा असते, तिच्याकडे तर आवर्जून लक्ष ठेवा. तिकीट अगदी नाममात्र असतं, आणि व्यावसायिक रंगभूमीवर वर्षानुवर्षं न झालेली नाटकं तिथे बघायला मिळतात. पुण्यात असाल तर भरत नाट्य मंदिर, रत्नागिरीकडे असाल तर 'खल्वायन' या संस्थेचे प्रयोग चुकवू नका. माझं आजोळ फोंड्याजवळचं. त्या बाजूला देवळाच्या उत्सवात गावकरीच संगीत नाटक उभं करतात. शेतावरून आलेला माणूस रात्री नारद होतो आणि सुरेल गातो. तिथे तिकीट नसतं, खुर्ची मिळाली तर ठीक, नाहीतर उभं राहायचं.

पाहून आलेल्याला नीट विचारा

हे मी दुसऱ्या क्रमांकावर मुद्दाम घेते, कारण याला घाई असते. प्रयोग पाहून आलेल्या माणसाच्या डोक्यात नाटक आठवडाभर ताजं राहतं, मग उरतं ते "छान होतं." म्हणून मैत्रीण पाहून आली की दुसऱ्याच दिवशी तिला चहाला बोलवा. "कसं झालं?" हा प्रश्न मात्र विचारू नका, त्याला "मस्त" याखेरीज उत्तर नसतं.

विचारायचं असं. पडदा उघडला तेव्हा समोर काय दिसलं? नांदी, म्हणजे सुरुवातीचं स्तवन, कुणी म्हटली, सगळ्यांनी मिळून की एकट्यानं? कुठल्या पदाला वन्स मोअर मिळाला आणि गायकानं तो घेतला की नमस्कार करून पुढे गेला? कुठली पदं गाळली? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. 'सौभद्रा'त शंभरावर पदं आहेत. ती सगळी म्हणायची तर रात्र जाईल, आणि पूर्वी जायचीच. आज तीन तासांत बसवायचं म्हणजे निवड आली, आणि काय ठेवलं, काय सोडलं यावरून दिग्दर्शकाला नाटक कसं दिसतंय ते कळतं. साक्या, दिंड्या सहसा आधी जातात. कथा पुढे ढकलणारी ही छोटी पदं गेली की उरलेली मोठी पदं मैफलीतल्या चिजांसारखी सुटी सुटी वाटायला लागतात. 'नच सुंदरी करू कोपा' हे पद कृष्ण रुसलेल्या रुक्मिणीला म्हणतो. तो रुसवा नीट रंगवला असेल तर त्या पदाला प्रेक्षक गालात हसतात. रुसव्याचा प्रसंग कापला असेल तर टाळ्या फक्त तानेला पडतात. तुमच्या मैत्रिणीला विचारा, लोक हसले का?

साथीबद्दलही विचारा. ऑर्गनवर कोण होतं, तबल्यावर कोण होतं. संगीत नाटकाचा निम्मा जीव तिथे असतो.

संहिता मिळवा आणि पेन घेऊन वाचा

किर्लोस्कर, 'संशयकल्लोळ'वाले देवल, 'मानापमान'वाले खाडिलकर यांची नाटकं स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळी झाली आहेत, त्यामुळे जुन्या प्रतींचे स्कॅन जालावर सापडतात. मला मात्र ग्रंथालयातली प्रत आवडते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे, तिथे किंवा तुमच्या गावच्या नगर वाचनालयात नाटकांचं कपाट असतंच आणि त्या कपाटापाशी गर्दी कधी नसते.

जुन्या प्रतीत पदाच्या डोक्यावर राग, ताल किंवा 'चाल अमुक' असं छापलेलं असतं. ते ओलांडून जाऊ नका, वहीत उतरवा. मग पदाच्या लगेच आधीचं वाक्य आणि लगेच नंतरचं वाक्य लिहून घ्या. एवढं केलं की पद कशासाठी आलंय ते आपोआप समोर येतं.

'शूरा मी वंदिले' घ्या. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून दिवाळी पहाटपर्यंत सगळीकडे ऐकलेलं पद. सुटं ऐकलं तर वीरांचं स्तवन. पण हे पद भामिनीच्या तोंडी आहे, आणि 'मानापमाना'च्या सुरुवातीला याच भामिनीनं धैर्यधराला गरीब म्हणून झिडकारलेलं असतं. श्रीमंतीच्या तोऱ्यात वाढलेली मुलगी शूराला वंदन करते, हा तिच्यातला बदल आहे. हे डोक्यात ठेवून पुन्हा ऐका. 'वंदिले' या शब्दावरची प्रत्येक हरकत वेगळी लागते.

आता ऐका, पण कुठलं ध्वनिमुद्रण ते पाहून

एकाच पदाची तीन प्रकारची ध्वनिमुद्रणं मिळतात आणि तिन्ही वेगवेगळी वाचावी लागतात.

बालगंधर्वांच्या काळातल्या ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं मावायची. रंगभूमीवर तेच पद वन्स मोअरसकट कितीतरी लांबायचं. म्हणून तबकडी ऐकताना चाल, शब्दांची फेक आणि भाव तेवढा घ्यावा, विस्ताराचा अंदाज त्यावरून बांधू नये. दुसरं टोक मैफलीतलं. तिथे मोठा गवई नाट्यपद वीस मिनिटं रंगवतो. आनंद अपार, पण त्या वेळी समोर रुक्मिणी नसते, श्रोते असतात. तिसरा प्रकार प्रत्यक्ष प्रयोगाचा. आवाज खरखरीत, मधेच कुणीतरी खोकतंय, तरी मिळालं तर आधी तेच ऐका.

कारण एक गोष्ट फक्त तिथेच ऐकू येते. नट संवादाचं शेवटचं वाक्य बोलत असतो, आवाज जरासा चढतो, आणि त्याच वाक्याच्या खाली ऑर्गनवाला हलकेच षड्ज, म्हणजे 'सा', धरतो. पाय भात्यावर सावकाश, एकच स्वर, जेमतेम ऐकू येईल इतका. नट वाक्य संपवतो तो त्या स्वरावरच. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळू नये, अशी ती जागा असते. स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात पद थेट सुरू होतं, त्यामुळे ही जागाच नाहीशी होते. माझे मामा पायपेटी, म्हणजे हाच ऑर्गन, वाजवायचे. ते म्हणायचे, नट श्वास घेतो तेव्हा माझं बोट पोचलेलं पाहिजे. मी आजही प्रयोगाला गेले की साथीदार दिसतील अशीच खुर्ची मागते, भले थोडी कडेची मिळो.

पदांची माहिती शोधायला 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ उत्तम आहे. शब्द, संगीतकार, नाटक, बहुतेक ठिकाणी राग, सगळं एका जागी.

सिनेमा शेवटी

हा मुद्दा मी भांडून मांडते. 'कट्यार काळजात घुसली' हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ साली आलं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. सिनेमा आला २०१५ साली, सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली. सिनेमा मला आवडतो. त्यानं कितीतरी तरुण मुलांना नाट्यसंगीताच्या दारात आणून सोडलं, 'अरुणी किरणी'साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सिनेमा पाहून "कट्यार पाहिलं" असं म्हणू नका.

सिनेमात अभिषेकींच्या चालींबरोबर शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आहेत. 'सूर निरागस हो', 'मनमंदिरा', 'यार इलाही' ही सिनेमाची. 'तेजोनिधी लोहगोल', 'या भवनातील गीत पुराणे', 'सुरत पिया की', 'लागी कलेजवा कटार' ही नाटकाची. गाणी ऐकताना ही दोन खाती वेगळी ठेवा. मग कामाचा फरक दिसतो. सिनेमात गाण्याच्या मागे वाद्यवृंद असतो, कॅमेरा हवेलीभर फिरतो, पार्श्वसंगीत तुम्हाला आधीच सांगून टाकतं की आता काहीतरी वाईट घडणार. रंगभूमीवर सांगायला कुणी नसतं. 'या भवनातील गीत पुराणे, मवाळ, हळवे सूर, जाऊ द्या आज येथुनी दूर' हे खाँसाहेब म्हणतात ते गाण्याच्या मुकाबल्यात त्यांच्याकडून हरलेल्या पंडितजींच्या हवेलीत उभे राहून. शब्द सरळ आहेत, चाल देखणी आहे, आणि तरीही अंगावर येतं, कारण घर दुसऱ्याचं आहे हे आपल्याला माहीत असतं. तेवढ्यासाठी तबला आणि ऑर्गन पुरतात.

याच नाटकातल्या 'घेई छंद मकरंद'च्या दोन्ही चाली लागोपाठ ऐका. शब्द तेच, घराणी दोन, एक पंडितजींचं, एक खाँसाहेबांचं. एकीत शब्द सांभाळून ठेवलेत, दुसरीत तानेपुढे शब्द वाकतात. नाटकाचं भांडण काय आहे ते संहितेचं पान न उघडता या दोन पदांत समजतं. हे ऐकून मग सिनेमा लावा, आणि बघा तिथे हेच भांडण कसं हाताळलंय.

२०२५ सालच्या 'मानापमान' सिनेमाबाबतही हाच क्रम ठेवा. आधी खाडिलकरांचं नाटक वाचा, गोविंदराव टेंब्यांच्या चाली कानात बसू द्या, मग पडद्यावरचं.

काही नाटकांपुढे मात्र ही सगळी पद्धत लंगडी पडते. 'घाशीराम कोतवाल'चं संगीत भास्कर चंदावरकरांचं. ते नुसतं ऐकून हाती काही लागत नाही, कारण गाणारे ब्राह्मण हीच तिथली भिंत असते. डुलणारी, गाणारी माणसांची रांग पाठमोरी होते, उघडते, मिटते, आणि तिच्याआड गोष्टी घडतात. अशा नाटकाचं चित्रीकरण शोधा, ते मिळत नसेल तर नवा संच येईपर्यंत थांबा.

प्रयोग मिळाला की

तिसऱ्या घंटेच्या आधी खुर्चीत बसा. नांदी चुकली तर संगीत नाटकाचं दार चुकलं. मोबाइल बंद ठेवा आणि पद चित्रित करायचा मोह धरू नका, गाणाऱ्याला समोर चमकणारा पडदा दिसतो आणि त्याचं लक्ष उडतं. वन्स मोअर द्यायचा तर पद संपल्यावर, मोकळ्या गळ्यानं द्या. पुढचं वाक्य सुरू झालं असेल तर गप्प बसा.

मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. त्यांनी हेच नाटक दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं असतं आणि ते सांगायला उत्सुक असतात. गडकरी रंगायतनच्या बाहेर, तलावपाळीच्या कठड्यावर बसून अशा गप्पा मारत आम्ही शेवटची रिक्षा घालवलेली आहे.

घरी आल्यावर झोपायच्या आधी तिकिटाच्या मागे लिहून ठेवा: तारीख, नाट्यगृह, कोण कुठल्या भूमिकेत, साथीला कोण, गाळलेली पदं, वन्स मोअर कुठे. ज्या कुणाचा प्रयोग हुकला असेल तो उद्या फोन करील, तेव्हा ते तिकीट जवळ असू द्या.